मदत हवी आहे: रेव्हिटचं (इमारतीचं 3D मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) जागेवर बसत नाहीये

नमस्कार मंडळी, पुण्यात एका साइटवर बिम (इमारतीचं माहितीसकट 3D मॉडेल) बघतोय, जीआयएसमध्ये (नकाशे आणि जागेची माहिती हाताळायचं तंत्र) मात्र नवखाच आहे. सर्व्हेयरने डीजीपीएसचे (जास्त अचूक जीपीएस) पॉइंट यूटीएम झोन ४३ नॉर्थमध्ये (मीटरमधली नकाशाची कोऑर्डिनेट पद्धत, तिचा कोड ईपीएसजी ३२६४३) दिलेत, मी रेव्हिटमध्ये सर्व्हे पॉइंटला (मॉडेलला खऱ्या जागेशी जोडणारा बिंदू) ते आकडे टाकले, ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा) फिरवला आणि आयएफसी (मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची फाइल) काढून जुन्या ड्रेनेज लाइनच्या नकाशावर ठेवायला गेलो तर नकाशावर बिल्डिंगची जागा बऱ्यापैकी बरोबर, पण उंचीत थेट ६५ मीटर जमिनीखाली! साहेब म्हणाले, तळघर जरा जास्तच खोल झालं 😅

मला वाटतं डीजीपीएसची उंची एलिप्सॉइडवरून (पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार) आलीय आणि आपला टेरेन (जमिनीच्या उंचीचा नकाशा) समुद्रसपाटीपासूनचा आहे, आपल्याकडे दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक येतो म्हणे. मग दुरुस्ती कुठे करायची, सर्व्हे पॉइंटच्या एलिव्हेशनला की क्यूजीआयएसमध्ये? जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेली पक्की खूण) लेव्हल आणून घेतलेली बरी का?

दुसरं म्हणजे साइटचा रस्ता साधारण १ किमी आहे आणि त्याच्या टोकाला जाईपर्यंत २०-२२ सेंमी फरक पडतोय, तो यूटीएमच्या स्केल फॅक्टरचाच (नकाशावरची लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांचं प्रमाण) ना? पाइपच्या जोडणीला एवढा फरक चालणार नाही.

आणि हो, आत्ता आयएफसी २x३ (जुनी आवृत्ती) काढतोय, आयएफसी ४ मध्ये मॅप कन्व्हर्जन (मॉडेलची कोऑर्डिनेट्स नकाशाच्या पद्धतीशी जोडणारी नोंद) असतं, मग तेच वापरू का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर स्टेप सांगा प्लीज, सोमवारी कोऑर्डिनेशन मीटिंग आहे.