टेसच्या डेटात १.१ टक्क्याचा डिप सापडलाय, ग्रह समजू का?

रोहिणी_सातारा

नमस्कार. मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून नासाच्या टेस या परग्रह शोधणाऱ्या उपग्रहाचा डेटा डाउनलोड करून लाइटकर्व्ह नावाच्या पायथन पॅकेजमध्ये बघतेय, रोज रात्री जेवण झालं की पाच-सहा तारे तरी बघतेच. परवा एक ११.६ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारा मिळाला, त्याचा प्रकाश दर २.३१ दिवसांनी १.१ टक्के खाली जातो आणि साधारण २ तास ४० मिनिटांत परत जागेवर येतो. २७ दिवसांच्या सेक्टरमध्ये (टेस एका वेळी बघतो तो आकाशाचा पट्टा) असे ११ डिप मोजले, मधे एक दिवसभर डेटाच नाहीये, त्यात एखादा गेला असणार. ०.०११ चं वर्गमूळ ०.१०५ येतं, वस्तूची रुंदी ताऱ्याच्या तितकी पट, म्हणजे तारा सूर्याएवढा धरला तर समोरून जाणारी वस्तू जवळपास गुरूएवढी. माहीत असलेल्या ग्रहांच्या यादीत हा तारा नाहीये, टेसच्या उमेदवार ग्रहांच्या यादीतही नाहीये. खरं सांगते, त्या रात्री झोप लागली नाही.

पण सकाळी वाटलं, जगभरातली इतकी माणसं आणि कॉम्प्युटर हा डेटा चाळतायत, त्यांच्याकडून एक टक्क्याचा डिप सुटेल कसा? पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर जेमतेम ०.००८४ टक्के प्रकाश अडतो, त्यापुढे माझा डिप म्हणजे खड्डाच आहे. मग आता पुढे काय काय तपासायचं? ताऱ्याचा नंबर सध्या देत नाही, राग मानू नका.

ययाती_७७

रोहिणी, डिप खरा आहे, त्याची काळजी करू नकोस. टेस दर १३.७ दिवसांनी पृथ्वीच्या जवळ येतो, तेव्हा पृथ्वीचा उजेड कॅमेऱ्यात सांडतो आणि आलेख वरखाली होतो, पण तो गोंधळ २.३१ दिवसांचा ठेका धरून अकरा वेळा येणार नाही. तिथे काहीतरी कशालातरी झाकतंय एवढं नक्की, फक्त ते ग्रहच आहे का ते बघायचं.

ययाती तारकासमूहातला अलगोल बघितलायस का? हिवाळ्यात संध्याकाळी वर असतो. दर २.८७ दिवसांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीवर उतरतो. मी नववीत असताना वडिलांनी गच्चीवर नेऊन दाखवला होता, संध्याकाळी शेजारच्या ताऱ्यांपेक्षा ठळक होता आणि झोपायच्या वेळेला त्यांच्यातच हरवला, ते अजून डोळ्यासमोर आहे. तिथे ग्रह नाही, दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकतात. आता असाच एखादा जोडतारा लांब, मंद असेल आणि त्याचा उजेड तुझ्या ताऱ्याच्या उजेडात मिसळून मोजला गेला असेल, तर ताकात पाणी घातल्यावर आंबटपणा कमी होतो तसं त्याचं ग्रहण पातळ होतं आणि आपल्याला एक टक्का दिसतं.

आधी सोपी तपासणी कर. मधे हरवलेला डिपही मोजणीत धरून नंबर दे, मग विषम नंबरचे (१, ३, ५...) डिप एकावर एक ठेव आणि सम नंबरचे (२, ४, ६...) वेगळे. ग्रह असेल तर दोन्ही गटांची खोली सारखी यायला हवी. डिपचा तळ ताटासारखा सपाट आहे का व्ही सारखा टोकदार तेही बघ, टोकदार असेल तर संशय वाढतो.

अनघा_के

ययाती काकांनी सांगितलेलं आधी करच. मी बंगळूरला पीएचडी करतेय, विषय जवळचाच आहे म्हणून पिक्सेलबद्दल लिहिते, कारण टेसमध्ये बहुतेक जण इथेच फसतात.

टेसच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेन्सचं तोंड फक्त साडेदहा सेंटिमीटरचं आहे आणि एक कॅमेरा आकाशाचा २४ अंश बाय २४ अंशांचा तुकडा एका वेळी बघतो, साहजिकच एक पिक्सेल २१ विकलांचा पडतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). नासाच्या आधीच्या केपलर दुर्बिणीचा पिक्सेल ४ विकलांचा होता कारण तो आधीची चार वर्षं हंस आणि स्वरमंडळच्या बाजूचा एकच तुकडा बघत होता. टेसला सगळं आकाश बघायचंय त्यामुळे हा सौदा करावाच लागला. तुझ्या आलेखात जो प्रकाश आहे तो चार-सहा पिक्सेलची बेरीज आहे आणि त्या चौकोनांत कोण कोण बसलंय हे टेसला कळत नाही, ते ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया या युरोपीय उपग्रहाच्या कॅटलॉगमध्ये बघायचं. तुझ्या ताऱ्याभोवती एक कला अंतरातले सगळे तारे काढ, प्रत्येकाची प्रत आणि अंतर लिही. मग लाइटकर्व्हमध्येच प्रत्येक पिक्सेलचा वेगळा आलेख काढता येतो, डिप कुठल्या पिक्सेलमध्ये सगळ्यात खोल आहे ते बघ. तो तुझ्या ताऱ्यावर नसून बाजूला सरकलेला असेल तर उत्तर मिळालं. एक सांगते, मी पहिल्या वर्षी हे न करता गाइडला मेल पाठवला होता आणि दोन आठवडे त्याच आनंदात होते, म्हणून इतकं लांबण लावलं.

रोहिणी_सातारा

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री अडीचपर्यंत बसले. विषम नंबरचे डिप १.१ टक्के आणि सम नंबरचे ०.८ टक्के निघाले, मी सगळे एकत्र घडी घातले होते आणि वरवर बघून मोठा आकडाच धरला होता त्यामुळे हा फरक दिसलाच नव्हता. म्हणजे खरा काळ २.३१ नसून ४.६२ दिवस आहे, एकदा जोडीतला एक तारा दुसऱ्याला झाकतो आणि एकदा दुसरा पहिल्याला.

गायामध्ये माझ्या ताऱ्यापासून २५ विकलांवर १५.२ प्रतीचा एक तारा आहे, म्हणजे जवळजवळ शेजारचाच पिक्सेल. पिक्सेलचे आलेख काढले तर माझ्या ताऱ्याच्या मधल्या चौकोनात डिप अगदी उथळ आहे आणि त्या बाजूच्या चौकोनात इतका खोल की पटकन डोळ्यात भरतो. हिशोबही बसतो, ३.६ प्रतींचा फरक म्हणजे तो सुमारे २७.५ पट मंद, त्याचा उजेड १ आणि दोघांचा मिळून २८.५ धरला तर त्याचे १.१ टक्के म्हणजे ०.३१, म्हणजे त्या छोट्या ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश जवळपास ३१ टक्के कमी होत असणार. ग्रह नाही हे कळल्यावर थोडं वाईट वाटलं पण हा आकडा जुळला तेव्हा खूप बरं वाटलं. आता हा जोडतारा कुणाला माहीत आहे का ते कुठे बघायचं?

अनघा_के

गायाच्या २०२२ च्या तिसऱ्या डेटामध्ये असे झाकाझाकीचे २१ लाखांवर उमेदवार जोडतारे दिलेत, आधी तिथे बघ. मग अमेरिकेतल्या एएव्हीएसओ संस्थेचा व्हीएसएक्स हा प्रकाश बदलणाऱ्या ताऱ्यांचा कॅटलॉग बघ. दोन्हीकडे नसेल तर व्हीएसएक्सला तू स्वतः नोंद पाठवू शकतेस, त्याला पीएचडी लागत नाही, नीट आलेख आणि काळ लागतो.

प्रसाद_वर्धा

मधेच विचारतो, मग खरा ग्रह असता तर पक्का कसा केला असता?

अनघा_के

प्रसाद, डिपवरून आकार कळतो, वजन नाही. गुरूएवढ्या आकाराचा मंद छोटा तारासुद्धा असू शकतो. म्हणून ताऱ्याचा वर्णपट घेऊन तो किती डुलतोय ते मोजतात. आपल्याकडे माउंट अबूला गुरुशिखरावर पीआरएलचा (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा) पारस नावाचा वर्णपटमापक आहे, टेसने दाखवलेल्या टीओआय १७८९ या ताऱ्याभोवतीचा ग्रह त्यानेच २०२१ मध्ये पक्का केला, वजन गुरूच्या ०.७ पट आणि आकार १.४ पट, वर्ष ३.२ दिवसांचं.

ययाती_७७

रोहिणी, माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे, गावाकडे अंधार चांगला मिळतो. २५ विकलांवरचे दोन तारे माझ्या फोटोत अगदी सुटे दिसतील आणि १५.२ प्रतीचा तारा ३१ टक्के खाली गेला तर नक्की पकडता येईल. तू ग्रहणाची वेळ काढून दे. जपून काढ, टेसची वेळ ज्युलियन दिवसांत असते आणि तो दिवस ग्रीनिचच्या दुपारी १२ ला सुरू होतो, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. आणि एकाच सेक्टरवरून काढलेल्या काळात दीड मिनिटाची जरी चूक असेल तरी दोन वर्षांत १५८ फेऱ्या होतात, म्हणजे चार तासांचा घोळ, आपण रात्रभर कॅमेरा लावून बसू आणि ग्रहण दुपारी होऊन गेलेलं असेल.

रोहिणी_सातारा

काका, त्याच भागाचा तीन वर्षांपूर्वीचा अजून एक सेक्टर मिळाला, त्यातही डिप आहेत, आता दोन्ही जोडून काळ पुन्हा काढलाय, चूक काही सेकंदांवर आली. दोन्ही कॅटलॉगमध्ये शोधलं, तिथे हा तारा नाहीये. पुढचा खोल डिप शुक्रवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मध्यावर येतोय, तेव्हा तारा चांगला वर असेल. साडेसातपासून फोटो सुरू केले तर दोन्ही बाजूंचा सपाट भाग मिळेल ना? ताऱ्याचा नंबर तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते.

ययाती_७७

सातलाच सुरू करतो. शुक्रवारी आभाळ नसलं म्हणजे झालं.