पणजोबांच्या आधीचं घराणं कसं शोधायचं?

प्रश्न: पणजोबांचे वडील कुठून तरी येऊन इथे वसले एवढंच घरात सांगतात, मूळ गाव काही सापडत नाहीये आणि जन्मनोंदी तेवढ्या जुन्या नाहीतच. कुठून सुरुवात करू?

उत्तर: जमिनीचे कागद बघा, ते बरेचदा जन्मनोंदींपेक्षा जुने असतात. आणि खरेदीखतावरचे साक्षीदार अजिबात सोडू नका, लोक एकटे क्वचितच गाव सोडायचे, भाऊबंद, शेजारी मिळून यायचे, त्यामुळे त्यांचं मूळ गाव कळलं की तुमचंही तिथेच असायची शक्यता जास्त.

उत्तर: +१. जुना नकाशा पण काढा, तालुक्या-जिल्ह्याच्या हद्दी बदलल्या तरी जुन्या नोंदींचं दफ्तर बऱ्याचदा आधीच्या मुख्यालयातच राहतं.

प्रश्नकर्ता: खूप आभार! एका साक्षीदाराचं आडनाव आमचंच आहे, आता त्याचीच वारसनोंद काढतो.