डक्टमधला धूर आणि सोमवारची धास्ती

जोशीकाकू ए-201: नमस्कार. आज परत पहाटे बाथरूमच्या डक्टमधून खालच्या सिगारेटचा वास. नातवाला दमा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या मीटिंगमध्ये हात जोडून सांगितलं होतं. आता अजून काय करायचं?

अण्णा बी-304: सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान, दंड 200 रुपये. 2 ऑक्टोबर 2008 पासूनचा नियम. सोसायटीने पावतीपुस्तक छापावं.

चेअरमन: अण्णा, ए-101 चं बाथरूम त्यांचं स्वतःचं आहे. सार्वजनिक कसं?

अण्णा बी-304: डक्ट सगळ्यांचा आहे.

ओंकार बी-401: डक्टला पण मेंटेनन्स लावा की 😄 पाणी कधी येणार हाय?

चेअरमन: उद्या पहाटे. टाकी भरली की मोटार बंद करा. मागच्या वेळी सी विंगकडून राहिली होती.

लक्ष्मीअक्का सी-203: प्रत्येक वेळी सी विंगच दिसते का तुम्हाला? वॉचमन झोपला होता.

सुनीता ए-101: काकू, लिहू का नको करत होते. ह्यांनी येत्या सोमवारपासून सिगारेट बंद करायचं ठरवलंय. तारीख ठरली आणि उलट वाढलीच. रात्री उठून बसतात, कपाटावरचं पाकीट चाचपून बघतात, आहे म्हटल्यावर परत आडवे होतात. जेवताना पोरावर खेकसतात. सोडल्यावर काय होईल या धास्तीनंच माणूस अर्धा झालाय. थोडं सांभाळून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

जोशीकाकू ए-201: सुनीता, चांगलं आहे ते. पण धूर आमच्याच खिडकीत येतो ना गं.

अण्णा बी-304: 200 रुपये.

देशमुख बी-201: इच्छाशक्ती लागते. मी आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांसमोर शपथ घेतली आणि तंबाखू एका दिवसात बंद केली.

देशमुखवहिनी: आणि पुढचा महिना घरात कोण कोणाशी बोलत नव्हतं, तेही लिहा.

श्रीनिवास मेडिकल बी-102: नुसत्या इच्छाशक्तीवर ढकलू नका. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग जीव तगमगतो. सिगारेट ओढली की शांत वाटतं, म्हणून माणूस समजतो की सिगारेटनं टेन्शन गेलं. त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनंच आणलेलं असतं. सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात, दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पुढे बऱ्याच जणांची चिंता पहिल्यापेक्षा कमी होते, असं अभ्यासांत दिसलंय.

ओंकार बी-401: काय बे मालक, दुकानात एवढं कधी बोलत नाही!

श्रीनिवास मेडिकल बी-102: दुकानात तू फक्त सुट्टे मागायला येतोस.

अण्णा बी-304: दंडाचं काय ठरलं?

महेश ए-101: माझ्याबद्दल चाललंय तर मीच बोलतो. काकू, सोमवारपर्यंत गच्चीवर जातो, डक्टमध्ये धूर येणार नाही. राहिली धास्ती. अक्कलकोट रोडला आमच्या टॉवेलच्या कारखान्यात रोज काही ना काही होतं. सोमवारी साडेदहाला पार्टीचा फोन येणार, माल परत पाठवतो म्हणणार, माझा हात खिशात जाणार आणि खिसा रिकामा. त्या मिनिटाला मी काय करायचं? हे कोणीच सांगत नाही. सगळे कॅन्सरचे फोटो पाठवतात. ते पाकिटावर रोज बघतोच आहे.

देशमुख बी-201: मन खंबीर ठेवायचं.

महेश ए-101: कसं, ते सांगा काका.

लक्ष्मीअक्का सी-203: महेशभाऊ, माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखूचा भुगा, कात्रीनं पानं कापायची, दोऱ्यानं बांधायची. स्वतः कधी ओढली नाही, तरी रात्रभर खोकायची. तिला पोटासाठी ते काम सोडता आलं नाही. तुम्ही सोडताय, तर आम्ही सोबत आहोत. खिसा रिकामा ठेवूच नका. बडीशेप ठेवा, लवंग ठेवा.

श्रीनिवास मेडिकल बी-102: अक्कांचं बरोबर आहे. एकेक तलफ काही मिनिटांत उतरते. फोन ठेवला की शेडच्या बाहेर या, पाणी प्या, एक चक्कर मारा. तेवढा वेळ काढायचा. निकोटिन गम 2 मिलिग्रॅमचा मिळतो. चिंगमसारखा चघळत बसायचा नाही. चव तिखट लागली की गालात दाबून धरायचा, चव गेली की परत हळू चावायचा. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबून. हृदयाचा त्रास किंवा झोपेच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाकिटावरचा 1800-11-2356 हा नंबर खरंच लागतो, फुकट आहे, तिथं समुपदेशक बोलतात.

सुनीता ए-101: चहा तर दिवसाला सहा-सात कप होतो ह्यांचा.

श्रीनिवास मेडिकल बी-102: वहिनी, तो निम्मा करा. धुरामुळे कॅफीन शरीरातून लवकर निघून जातं. सिगारेट बंद झाली की तोच चहा जास्त चढतो. छातीत धडधडतं, झोप उडते, आणि माणसाला वाटतं सिगारेट नाही म्हणून होतंय.

महेश ए-101: हे मला माहीतच नव्हतं.

अण्णा बी-304: 200 रुपये.

जोशीकाकू ए-201: अण्णा, पुरे आता. महेश, गच्चीची किल्ली माझ्याकडून घेऊन जा.

महेश ए-101: येतो काकू. श्रीनिवासराव, सोमवारी साडेदहाला फोन केला तर उचलाल?

श्रीनिवास मेडिकल बी-102: गिऱ्हाईक थांबवून उचलतो. गमचं पाकीट शनिवारीच घेऊन जा, सोमवारी दुकान उघडायची वाट बघू नका.