पीआर इंटरव्हल नक्की कुठून मोजायचा? माझा २ घरंच येतोय

जीएनएम_दुसरं_वर्ष:
नमस्कार, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे आणि ईसीजी अजून डोक्यात बसत नाहीये. मॅडमनी नॉर्मल पट्टी दिलीये, लीड २ ची (म्हणजे इलेक्ट्रोडच्या एका जोडीवरून घेतलेली नोंद). पी (पहिली छोटी लाट) संपला की रेघ सपाट जाते आणि मग आर (उंच टोक) उसळतो, तेवढं अंतर मोजलं तर कागदावरची २ छोटी घरं आली म्हणजे ०.०८ सेकंद, आणि पुस्तकात तर ०.१२ ते ०.२० दिलंय, मग ही पट्टी नॉर्मल कशी? शिवाय क्यू मला कुठे दिसतच नाहीये. प्लीज कोणीतरी समजावून सांगा, नुसतं पाठ केलं तर तोंडीला गोंधळ होणार.

आयसीयू_ताई:
अगं तू मोजलास तो पीआर सेगमेंट. इंटरव्हलसाठी पी जिथे सुरू होतो तिथून धरायचं, क्यूआरएस (क्यू, आर, एस मिळून होणारी लाट) सुरू होईपर्यंत. तुझा पी किती घरांचा आहे बघ, २ असेल तर २ आणि २ चार, ०.१६, एकदम नॉर्मल. क्यू नसला तरी चालतं, आरच्या आधी रेघ खाली गेली तरच तो क्यू, नाही गेली तरी नाव क्यूआरएसच.
आणि मोजायच्या आधी पट्टीवरचा स्पीड वाचायची सवय लाव. छोटं घर ०.०४ सेकंद हे कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो त्या स्पीडलाच खरं. आमच्या वॉर्डात एकदा मशीन ५० वर राहिलं होतं, पेशंटची नाडी हाताला ८० लागत होती आणि पट्टीवरून ४० निघत होती, सगळ्या लाटा लांबलेल्या, घरचे लोक घाबरून गेलेले.

फिजिओलॉजी_मास्तर:
ताईंनी बरोबर सांगितलंय. ती सपाट रेघ का येते ते कळलं ना, की पाठ करावं लागत नाही. सायनस नोडमधून (ठोका जिथे सुरू होतो ती जागा) करंट निघून वरच्या दोन कप्प्यांत पसरतो तो पी. पुढे एव्ही नोडमध्ये (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली छोटी गाठ) तो रखडतो, आणि ते रखडणं गरजेचंच आहे, वरचं रक्त खाली उतरायला तेवढा वेळ मिळतो. नोड एवढासा, त्याचा करंट छातीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत जाणवत नाही, म्हणून रेघ सपाट. तिथून सुटला की हिस बंडल आणि पर्किंजे तंतूंतून (खालच्या कप्प्यांत करंट नेणाऱ्या वायरीच म्हण) सुसाट, त्यामुळे खालचे कप्पे एवढे जाड असूनही क्यूआरएस ३ छोट्या घरांच्या आत आटोपतो. वरचे कप्पे पूर्ववत होतात त्याची लाट या क्यूआरएसखाली झाकली जाते.
टीबद्दल (खालचे कप्पे पूर्ववत होतात ती, क्यूआरएसनंतरची लाट) मुलं हमखास विचारतात, पूर्ववत होणं म्हणजे उलटी क्रिया, मग टी वर का? कारण करंट जाताना आतून बाहेर जातो पण पूर्ववत होणं बाहेरच्या थरापासून सुरू होतं. क्रिया उलटी, दिशाही उलटी, म्हणून लाट पुन्हा वरच.

जीएनएम_दुसरं_वर्ष:
सर, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं! परत मोजलं, पीआर ४ घरं, क्यूआरएस २, आर ते आर ४ मोठी घरं (५ छोट्यांचं एक) म्हणजे ३०० भागिले ४, ७५ ठोके. क्यूटी (क्यूआरएस सुरू झाल्यापासून टी संपेपर्यंत) ९ छोटी घरं, ०.३६. बरोबर आहे ना? आणि एव्हीआरमध्ये (उजव्या हाताच्या बाजूची लीड) सगळंच उलटं दिसतंय.

आयसीयू_ताई:
बरोबर. क्यूटी आर-आरच्या निम्म्याच्या आत आहे, आणि ठोक्यांप्रमाणे दुरुस्त केला तर ०.४० च्या आसपास येतो, बायकांत ०.४६ पर्यंत चालतो. एव्हीआर उलटाच हवा. तिथे पी सरळ आणि लीड १ मध्ये उलटा दिसला तर आधी डाव्या-उजव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघ.