मदत हवी आहे: चिठ्ठीतलं अ‍ॅबडक्शन म्हणजे हात आत की बाहेर?

ऐरोलीकर: आईचा खांदा. ती ठाण्याला नौपाड्यात, मी ऐरोलीत. फिजिओ मॅडम गावाला गेल्यात, फोन लागत नाही, आजपासून व्यायाम मी करून घ्यायचे. चिठ्ठीत आहे: अ‍ॅबडक्शन ९०, फ्लेक्शन ९०, एक्स्टर्नल रोटेशन ०. हात आत न्यायचा की बाहेर? शून्य म्हणजे करायचंच नाही का? लवकर सांगा, सातला निघायचंय.

घोडबंदर_ग्रस्त: कुठला खांदा? वय? झालंय काय?

ऐरोलीकर: उजवा. ६४. विचारलंय ते सांगा ना.

तिळाचं_तेल: फ्रोझन शोल्डरच. माझाही धरला होता. कोमट तेल चोळून भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज टाइलची एक ओळ वर. दुखलं तरी थांबायचं नाही. सात महिन्यांनी वरच्या फळीवरचा पुरणयंत्राचा डबा मीच काढला.

घोडबंदर_ग्रस्त: आणि भिंत कोणी पुसली?

बाराखडी: माणूस ताठ उभा, हात अंगालगत खाली सोडलेले, तळवे समोर. सगळं इथून मोजतात. हात बाजूने अंगापासून लांब गेला की अ‍ॅबडक्शन, परत जवळ आला की अ‍ॅडक्शन. अ‍ॅबडक्शनमधला ब बाहेरचा, विसरणार नाही. समोरून वर उचलणं फ्लेक्शन, मागे नेणं एक्स्टेन्शन. ९० म्हणजे खांद्याच्या रेषेपर्यंत. रोटेशनसाठी कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवा. पंजा नाकासमोर सरळ असतो ते शून्य. त्यापुढे बाहेर फिरवायचा नाही.

शुद्ध_मराठी: आकुंचन-प्रसरण हे सुंदर शब्द असताना फ्लेक्शन कशाला?

बाराखडी: आकुंचन स्नायूचं, फ्लेक्शन सांध्याचं. कोपर वाकवताना पुढचा बायसेप्स आकसतो, जोर लावून सरळ करताना मागचा ट्रायसेप्स आकसतो. स्नायू नुसता ओढतो, ढकलत नाही. म्हणून तर जोड्या लागतात.

विटाव्याचा_पूल: सातला गाडी काढू नका, कळव्यात अडकाल. ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे, मग नौपाडा चालत.

सांधेवाली: मी फिजिओ. चिठ्ठीवर अ‍ॅक्टिव्ह लिहिलंय की पॅसिव्ह?

ऐरोलीकर: कोपऱ्यात 'पॅसिव्ह ओन्ली' आहे. मला ते गोळ्यांबद्दल वाटलं. ऑपरेशनला आज १९ दिवस झाले.

घोडबंदर_ग्रस्त: ऑपरेशन???

ऐरोलीकर: दुर्बिणीने कफ शिवलाय. खांदा म्हटलं ना वर!

सांधेवाली: मग भिंत आणि तेल दोन्ही विसरा. रोटेटर कफ म्हणजे खांद्याभोवतीचे चार स्नायू. बहुतेकदा सुप्रास्पायनेटसची, म्हणजे हात बाजूला उचलायला मदत करणाऱ्या स्नायूची, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) फाटते. पॅसिव्ह म्हणजे आईंनी जोर लावायचाच नाही. त्या आडव्या, हात पूर्ण ढिला, कोपर आणि मनगट तुम्ही तोलून न्यायचं. त्यांनी स्वतः उचलला तर ताण थेट शिवणीवर. ९० ही हद्द आहे, तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. आधी सर्जनच्या दवाखान्यात फोन करून चिठ्ठी वाचून दाखवा, आणि एकदा कोणीतरी समोर करून दाखवल्याशिवाय हात लावू नका.

तिळाचं_तेल: ऑपरेशन आधी सांगायचं होतं. मी काय ज्योतिषी?

ऐरोलीकर: दवाखान्याने उद्या अकराला बोलावलंय, आज व्यायाम नाही. आईला फोन केला. म्हणते, सकाळी माळ्यावरची परात काढली, पण डाव्या हाताने. परात दोन हातांची आहे. निघालोच मी.