'हाच तो' एवढ्यावर जेल?

अर्धाचहा:
अॅडॉल्फ बेकची केस वाचून डोकं सुन्न झालंय. लंडनमध्ये १८९६ ला बायकांना फसवून दागिने पळवणारा म्हणून खटला चालला, एकीमागून एक बायका म्हणाल्या हाच तो, ७ वर्षं सक्तमजुरी. सुटला तर १९०४ ला पुन्हा तसलीच केस, पुन्हा दोषी, आणि शिक्षा सुनावायच्या आत खरा भामटा सापडला! पुढे १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपील कोर्ट आलं, त्यात ह्या बोंबाबोंबीचा मोठा वाटा. १९७६ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या डेव्हलिन कमिटीने सांगितलं, अपवाद सोडता साक्षीदाराने नुसतं 'हाच तो' म्हणून ओळखलं एवढ्यावर दोषी ठरवू नका. टर्नबुल नावाच्या केसच्या निकालात तिथल्या अपील कोर्टाने ते मानलं नाही, म्हणे जज ज्युरीला (दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना) सावध करेल. झालं!

वकिली_चष्मा:
अहो, ते नुसतं 'जपून हं' नाहीये. खात्रीने बोलणारा चुकू शकतो, चारजण मिळूनही चुकू शकतात हे जजने कारणासकट सांगायचं, मग किती वेळ पाहिलं, किती लांबून, उजेड होता का, आधीची ओळख होती का हे सगळं काढायचं. ओळख कच्ची आणि दुसरा आधार नाही, तर केस ज्युरीकडे जाऊच द्यायची नाही. जज हे विसरला तर अपिलात शिक्षा उडू शकते. तुम्हाला हवा तो डेव्हलिनचा नियम लावला तर जिच्यावर एकांतात हल्ला झाला तिने दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?

अर्धाचहा:
मान्य, पण अमेरिकेतला रोनाल्ड कॉटन बघा, बलात्काराच्या केसमध्ये चुकून ओळखला गेला. त्या मुलीने हल्ला होत असताना चेहरा मुद्दाम लक्षात ठेवला होता, तरी चुकली. दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार समोर आणला तर म्हणाली ह्याला कधी पाहिलंच नाही. १९९५ ला डीएनएने सुटला बिचारा. खोटं बोलणारा उलटतपासणीत सापडतो हो, प्रामाणिकपणे चुकणारा कसा सापडणार?

लीड्सची_माई:
मी इथे ज्युरीत बसलेय, आत काय बोललो ते सांगणं गुन्हा आहे म्हणून गप्प. पण मागे स्टेशनवर सख्ख्या भावाला हाक मारली आणि वळला कोण तर भलताच. जवळच्यांनाही ओळखताना चुका होतात, हे टर्नबुलमध्येच लिहिलंय की.

फौजदारी_कट्टा:
आपल्याकडे ज्युरीच नाही. ओळख परेड होते, म्हणजे इतर माणसांत मिसळून संशयिताला साक्षीदाराकडून ओळखून घेतात, पण मुख्य पुरावा कोर्टातली ओळख. आणि तिथे पिंजऱ्यात उभा एकटाच, मग बोट कुणाकडे जाणार?

वकिली_चष्मा:
हे मात्र खरंय. म्हणून तर परेडला उशीर झाला की आम्ही तुटून पडतो. पण नुसत्या ओळखण्यावर शिक्षा द्यायला सरसकट बंदी? नाही पटत.