सालामांकात स्पॅनिश कुटुंबात राहायला जातेय, पहिल्या भेटीसाठी सल्ला हवा

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी मी एका सत्रासाठी स्पेनमधल्या सालामांकाला जातेय, जून संपेपर्यंत तिथेच असेन. स्पॅनिशची बी१ पातळी झाली आहे. वाचता येतं, लिहिता येतं, पण समोर माणूस आला की तोंड उघडत नाही. म्हणूनच वसतिगृह न घेता मुद्दाम एका कुटुंबात राहायचं ठरवलं. काल त्यांची माहिती आली. साठीच्या पुढच्या एक बाई, नोकरी करणारा त्यांचा मुलगा आणि एक म्हातारा कुत्रा. तीनही वेळचं जेवण त्यांच्याकडेच आहे.

आता खरी धाकधूक सुरू झाली आहे. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. त्यांच्यासाठी इथून काय न्यावं? पहिल्या दिवशी दारात उभी राहिल्यावर नमस्कार करायचा, हात मिळवायचा की काय? त्यांना हाक कशी मारायची? साठीच्या बाईंना नुसतं नावाने हाक मारायची ही कल्पनाच मला झेपत नाहीये. कुणी अशा घरात राहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा, छोट्या गोष्टीही चालतील.

गुळपोळी

पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या अजिबात नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. माझ्या भाच्याचे कंदी पेढे असेच गेले, आणि ते त्याच्या आजीने दिलेले होते. चिक्की ने, किंवा तिळाच्या वड्या. जायच्या आधी संक्रांतही होऊन गेलेली असेल. मात्र घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारून घे.

तोर्मेसकाठी

अबोली, मी २०१८मध्ये सालामांकात सहा महिने होते. तिथलं विद्यापीठ १२१८चं, त्यामुळे ते ८००वं वर्ष होतं आणि गाव सणासारखं सजलं होतं. तुझा धागा बघून ते घर, तो तिसरा मजला, जिन्यात येणारा लसूण परतल्याचा वास, सगळं आठवलं. थोडं लांबेल, पण सगळं सांगते.

जेवणापासून सुरुवात करते. ‘सोय बेखेतारियाना’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढ्यावर थांबू नकोस. तिथे पुष्कळांच्या मनात मांस म्हणजे मटणाचा किंवा चिकनचा तुकडा. टूना मासा, खामोनचे बारीक काप, हाडांचं सूप हे त्यात धरतातच असं नाही. त्यातून सालामांका प्रांतातलं गिखुएलो हे गाव त्याच खामोनसाठी, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसासाठी, देशभर प्रसिद्ध. त्यांच्यासाठी ती अभिमानाची गोष्ट आहे. माझ्या बाईंनी पहिल्या दिवशी मसुराची आमटी केली होती. मी आनंदाने डाव घातला, तर तळाशी चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे तुकडे. त्यांनी प्रेमानेच केली होती, चूक माझ्या अर्धवट सांगण्याची. म्हणून निघण्याआधीच व्हॉट्सॲपवर पूर्ण वाक्य पाठव: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी काल्दो दे कार्ने’. मांस नाही, मासे नाहीत, खामोन नाही, मांसाचं सूपही नाही. आणि लगेच पुढे, काय खाते ते लिही. बटाटा-अंड्याची तोर्तिया, पिस्तो नावाची ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कोवळ्या भोपळ्याची भाजी, मसूर, छोले, चीज, आरोथ कोन लेचे म्हणजे जवळपास आपली तांदळाची खीर. काय खात नाही एवढंच कळलं की करणारी बाई गोंधळते. काय खाते हे कळलं की तिला सोपं जातं.

दुसरं, वेळा. दुपारचं जेवण अडीच-तीनला आणि तेच मुख्य. रात्री नऊच्या पुढे हलकं काहीतरी. मधली भूक धरवत नसेल तर सहाच्या सुमारास मेरिएंदा असते, पाव आणि काहीतरी गोड. बाहेर जेवणार असशील तर सकाळीच सांगून जायचं. माझ्याकडून एकदा ते राहिलं. दहा वाजता घरी आले तर ताट झाकून ठेवलेलं आणि बाई जाग्या. त्या रागावल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जेवण झालं की ताट उचलून खोलीत पळू नकोस. ताटं तशीच असतात, कुणी संत्रं सोलतं, कुणी कॉफी ओततं, आणि तास-तासभर बोलणं चालतं. त्याला सोब्रेमेसा म्हणतात. तीनच्या बातम्या लागलेल्या असतात, त्यावरून वाद होतात, शेजारणीच्या गुडघ्यांपासून पेन्शनपर्यंत सगळे विषय येतात. पहिले पंधरा दिवस मला निम्मं कळत नव्हतं तरी मी बसून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी मध्येच बोलले आणि कुणीच थांबून माझ्याकडे पाहिलं नाही, गप्पा तशाच पुढे गेल्या. त्या दिवशी रात्री मी आईला फोन करून रडले, इतका आनंद झाला होता. ‘अभ्यास आहे’ म्हणून रोज उठून गेले असते तर तुझ्यासारखीच गप्प राहिले असते.

आणि घरात अनवाणी फिरू नकोस. आपल्याला चपला दाराबाहेर काढायची सवय, त्यांना अनवाणी पोर दिसली की तिला आता सर्दी होणार असं वाटतं. माझ्या बाई दिवसातून चारदा ‘देस्काल्था!’ म्हणजे अनवाणी, म्हणून ओरडायच्या. घरात घालायच्या मऊ सपाता न्यायच्याच. सालामांका ८०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि फरशी बर्फासारखी असते. हीटर दिवसभर चालू असेल असंही धरू नकोस, बऱ्याच घरांत त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. गरम पाण्याचंही तसंच, आंघोळ झटपट उरकायची.

अबोली_पुणे

तोर्मेसकाठी, किती छान सविस्तर लिहिलंत! वाक्य लगेच टिपून घेतलं. दारातल्या भेटीचं आणि हाक मारण्याचं मात्र राहिलं. आमच्या वर्गात सांगितलंय की मोठ्यांना ‘उस्तेद’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, म्हणायचं, आणि दर वाक्यात ‘पोर फाबोर’ (कृपया), ‘ग्राथियास’ (धन्यवाद).

तोर्मेसकाठी

हो, ते राहिलंच. दारात दोन्ही गालांना गाल लावून भेटतात, ओठ टेकत नाहीत, नुसता आवाज. बाई तर नक्कीच तशा भेटतील, मुलगाही कदाचित. तुला अवघड वाटत असेल तर आधीच हसून हात पुढे कर, कुणी वाईट मानत नाही.

हाक मारण्याबद्दल. पहिल्या भेटीत ‘उस्तेद’ म्हण, बहुतेक बाई स्वतःच सांगतील की मला तू म्हण, नावाने हाक मार. मग संकोच करू नकोस. आपण आईला, आजीला, मावशीला तूच म्हणतो ना? त्या ‘तू’मध्ये मान कमी असतो का? त्यांचा ‘तू’ही तसाच, उच्चारसुद्धा तोच. उलट त्यांनी सांगितल्यावरही तू ‘उस्तेद’ला चिकटून राहिलीस, तर त्यांना वाटेल ही पोर अजून पाहुणीच आहे.

आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि तिथेच अडतो. ‘मला मीठ मिळू शकेल का’ अशा थाटाचं ‘पुएदो तेनेर’ घालून केलेलं वाक्य तिथे परकं वाटतं. ते सरळ ‘मे दास ला साल?’ म्हणतात, म्हणजे ‘मीठ देतेस?’ आपल्या स्वयंपाकघरातही असंच बोलतात. आईने पोळी वाढली की आपण आभार मानतो का? तिथेही घरात तेवढे आभार मानत नाहीत, पण स्वयंपाक मनापासून छान झाला म्हणून सांगितलं की खुलतात. आणि ‘मे गुस्तान लास लेंतेखास’ हे तर ‘मला मसूर आवडतात’ याच घडणीचं वाक्य. आवडणारी वस्तू अनेकवचनी की क्रियापद अनेकवचनी, ज्याला आवडतं तो माणूस ‘मला’मध्ये. वर्गातल्या अमेरिकन मुलींना हे महिनाभर जमत नव्हतं, मला पहिल्याच दिवशी जमलं. मराठीतून विचार कर, फार सोपं जाईल.

पावसाळी

मी स्पेनला नाही, कोस्टा रिकात होतो, सान होसेजवळच्या एरेदियात. तिथे ‘उस्तेद’ची गोष्ट अगदी उलटी. आई मुलाला उस्तेद म्हणते, मित्र मित्राला म्हणतात, कुत्र्यालासुद्धा. त्यात दुरावा नसतो. त्यामुळे हा धागा वाचून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी आधी तिथली पद्धत ऐकून घ्या. घरच्या बाईंना आम्ही ‘मामा तिका’, म्हणजे कोस्टा रिकातली आई, म्हणायचो. सकाळी गायो पिंतो, म्हणजे काळ्या बीन्सबरोबर परतलेला भात, त्यामुळे शाकाहारी माणसाचा दिवस तरी नीट सुरू व्हायचा.

शेवंती

सगळ्यांचे अनुभव गोड आहेत, म्हणून माझा वेगळा सांगते, घाबरवण्यासाठी नाही. माझं पहिलं घर जुळलं नाही. देश आणि संस्था सांगत नाही. माझं जेवण झाकून ट्रेमध्ये ठेवलेलं असायचं, मी एकटी खायची, आणि कुणी माझ्याशी दिवसाला पाच वाक्यंही बोलायचं नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांना खोलीच्या भाड्याची गरज होती आणि सोबत नको होती, हे मला नंतर कळलं. मी दीड महिना स्वतःलाच दोष देत राहिले. शेवटी समन्वयक बाईंना सांगितलं, तर चार दिवसांत दुसरं घर मिळालं, आणि त्या घराशी आजही माझं येणंजाणं आहे.

अबोली, पंधरा दिवसांत घरात बोलणं सुरू झालं नाही तर स्पष्ट सांग. घर बदलून मागण्यात कृतघ्नपणा नाही. सत्र पाच महिन्यांचं असतं, त्यातला दीड महिना माझा परत येणार नाही.

गुळपोळी

शेवंती, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

अबोली_पुणे

पोचले! सांगायलाच आले.

संध्याकाळी बसस्थानकावर बाई कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. मी आधी पाठवलेला संदेश त्यांनी कागदावर उतरवून फ्रीजवर लावलाय, खामोनच्या खाली दोन रेघा मारून. पहिल्या वाक्याला उस्तेद म्हटलं, दुसऱ्याला त्यांनी थांबवलं. आता नावाने हाक मारते. अजून जीभ अडखळते, पण मारते.

चिक्की मी दिली आणि नजर चुकवून बाजूला झाले, कारण आपल्याकडे भेट लगेच उघडत नाहीत. त्यांनी तिथेच पुडा फाडला, एक तुकडा मोडला आणि म्हणाल्या, ‘अरे, हा तर तुर्रोन!’ मग कपाटातून नाताळचा उरलेला तुर्रोन काढला, मध आणि बदामाचा. मुलगा, त्या आणि मी दोन्ही वड्या आलटूनपालटून खात अकरापर्यंत बसलो. मी फार बोलले नाही, पण उठलेही नाही.

एक अडचण आहे. रविवारी त्यांची बहीण जेवायला येणार आहे आणि मी ‘आमच्याकडे रोज पोळ्या असतात’ म्हटलं, तर आता मीच पोळ्या करायच्या ठरल्या. इथे कणीक कुठली मिळते?

तोर्मेसकाठी

शनिवारीच आणून ठेव, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पाकिटावर ‘आरिना इंतेग्राल’ लिहिलेलं असेल ते घे. कोंडा जाडसर असतो, चाळून घे आणि त्यात निम्मी साधी ‘आरिना दे त्रिगो’, म्हणजे मैद्यासारखं गव्हाचं पीठ, मिसळ, नाहीतर पोळी फाटते. कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेव. लाटण्याला ‘रोदियो’ म्हणतात, जवळपास सगळ्या घरांत असतं. तव्याऐवजी त्यांचा तोर्तियाचा पॅन चालेल. आणि बहिणीला एखादी पोळी लाटू दे.